ताईच्या सामानातला झारा

मी झारा बोलतोय. स्टीलचा, गोल तोंडाचा, अठ्ठावन्न भोकांचा. भोकं मी मोजलेली नाहीत. ताईनं मोजली होती, एका रविवारी दुपारी, घरात करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं तेव्हा.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. वरून यंत्राचा दट्ट्या आला, माझा पत्रा वाटीसारखा खोलगट झाला, मग भोकं पडली आणि शेवटी दोन खिळे ठोकून दांडा बसवला. ठोकणाऱ्याचं लक्ष त्या क्षणी कुठं होतं कोण जाणे, एक खिळा ढिला राहिला. तेव्हापासून मला उचललं की बारीक किणकिण होते. माणसाला आवाज असतो तसा तो माझा आवाज. बाकी मी मुका.

ताईनं मला नव्या संसारासाठी घेतलं. ती चष्म्यांच्या दुकानात काचा घासायची. सुरुवातीला नवरा-बायको दोघांचं तळण काढलं मी. मग घरात एक पिल्लू आलं, तपकिरी, मुठीएवढं. ताईनं त्याचं नाव जायफळ ठेवलं. बोका म्हणून ते मोठं झालं, गच्च्यांवरून हिंडू लागलं, उंदीर मारू लागलं. पण शी करायला मात्र साहेब घरातल्या मातीच्या ट्रेमध्येच यायचे. त्या मातीतून शी उपसायला काहीतरी भोकांचं हवं होतं. ढिल्या खिळ्याचा मी हाताशी होतो.

ताई रोज सकाळी ट्रे साफ करता करता धाकट्या बहिणीशी फोनवर बोलायची.

"ताई, हे किणकिण काय वाजतंय गं?"

"माझा झारा. बढती झालीय त्याची. आता जायफळरावांच्या सेवेत असतो."

"शी! हात तरी धुतेस का?"

"तू आलीस की धुवीन. कधी येतेस ते सांग."

असं सात-आठ मिनिटं चालायचं. धाकटीनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण रोज ऐकलं होतं. ती घड्याळं दुरुस्त करते. कान तिखट.

त्याच काळात ताईला दिवस गेले. ती पहिल्यासारखीच उघड्या हातानं ट्रे साफ करत राहिली, पण थकव्यामुळं आता रोज नाही, कधी दोन दिवसांनी, कधी तीन. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात पोटातलं गेलं. दवाखान्यातून ती परत आली ती हळू चालत, भिंतीला हात लावत. पुढं कधीतरी तिनं मांजराच्या शीबद्दल कुठंतरी काहीतरी वाचलं असावं. त्या दिवशी तिनं माझ्या दांड्याला लाल दोरा बांधला, घट्ट, सात वेढ्यांचा, आणि मला स्वयंपाकघराच्या उलट्या बाजूला, मोरीच्या दाराआड टांगलं. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. रागानं नाही. तुझ्यामुळं गेलं का, असं विचारल्यासारखी.

मला उत्तर ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण त्या नजरेनं मला झपाटलं ते कायमचं. नवरा गेला, घर शांत झालं, वर्षं गेली. ताई रोज हातमोजे घालून मला उचलायची आणि माझी किणकिण ऐकून मीच दचकायचो.

मग एका सकाळी ताई दुकानात काच घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही. हृदय थांबलं म्हणे.

धाकटीला तेव्हा चौथा महिना लागला होता. सामान आवरायला तिला कुणी जाऊ दिलं नाही. तिचा नवरा शाळेची बस चालवतो. तो आणि त्याची आई गेले. जायफळला टोपलीत घातलं, ट्रे वेगळा बांधला, आणि उरलेलं सगळं खोक्यांत. मला दाराआडून काढताना सासूबाई म्हणाल्या, "चांगला जाड झारा आहे. मोरीत काय टांगलाय वेड्यासारखा?" आणि मी भांड्यांच्या खोक्यात गेलो.

मला वाटलं, दोरा आहे. दोरा पाहून कळेल.

नव्या घरी सासूबाईंनी मला दोनदा घासलं. दोरा मळका दिसला, त्यांनी तो कात्रीनं कापून टाकला आणि मला गॅसजवळच्या खिळ्याला अडकवलं. त्या वाईट नव्हत्या. गेलेल्या पोरीची वस्तू वाया जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

खरं तर त्या घरात काळजी कमी नव्हती. धाकटीनं ट्रेला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. बसवाला रोज पहाटे हातमोजे घालून, नव्या प्लास्टिकच्या फावडीनं ट्रे साफ करायचा, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकायचा आणि कोपरापर्यंत हात धुवायचा. सासूबाई दारातून देखरेख करायच्या. "नखं बघू! नखांत राहतं ते!" "आई, मी चाळीसचा झालो." "मग चाळीस वर्षांची घाण असेल. दाखव."

आणि तिकडे मी त्यांच्याच हातानं, धुतलेली कच्ची भाजी पाण्यातून उपसत होतो. सुनेला ताकद यावी म्हणून रोज एक वाडगाभर.

नऊ दिवस. माझ्या ढिल्या खिळ्याच्या फटीत वर्षानुवर्षांचं काय काय अडकलंय, हे एकट्या मला माहीत होतं. मी ओरडत होतो. माझं ओरडणं म्हणजे किणकिण, आणि सासूबाईंना एका कानानं कमीच ऐकू येतं.

जायफळ मात्र रोज यायचा. माझा आवाज झाला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शेपटी गुंडाळून बसायचा आणि सासूबाईंच्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखा वर बघत राहायचा.

धाकटी त्या वेळी कामावर असायची. दहाव्या दिवशी तिच्या पायांवर सूज होती म्हणून ती घरी राहिली. बाहेरच्या खोलीत भिंगाखाली घड्याळ उघडून बसली होती. सासूबाईंनी मला उचललं.

तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

"ताई?" ती म्हणाली.

मग ती उठून आली. दारात जायफळ, आत सासूबाई, त्यांच्या हातात मी, माझ्या तोंडात काकडीच्या फोडी.

"आई, हा झारा कुठला?"

"तुझ्या ताईचा. सामानात होता. का गं?"

"कुठं होता? स्वयंपाकघरात?"

"नाही... मोरीत, दाराआड. लाल दोरा बांधलेला." सासूबाईंचा आवाज बारीक होत गेला. "अगं, काय झालं ते तरी सांग!"

तिनं सांगितलं. सासूबाईंनी मला ओट्यावर ठेवलं नाही, हातातून सोडलं. फोडी जमिनीवर पसरल्या.

"ते मांजर उद्याच्या उद्या घराबाहेर गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"त्यानं काय केलं, आई? झारा त्यानं नाही टांगला."

हे बोलल्याचं तिला लगेच वाईट वाटलं, पण शब्द सुटला होता. सासूबाई खाली बसून फोडी गोळा करू लागल्या. धाकटी म्हणाली, "नका हात लावू. राहू द्या," आणि साबणाची वडी त्यांच्यापुढं धरली.

दुसऱ्या दिवशी मी कागदात गुंडाळून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होतो.

"पुरावा आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," त्या म्हणाल्या. हसलं कुणीच नाही, तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली. एका जंतूचं लांबलचक नाव सांगितलं. सासूबाईंनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि सोडून दिलं.

"प्रत्येक मांजरात तो असतो असं नाही. उंदीर, कच्चं मांस खाणाऱ्या मांजराला होऊ शकतो, आणि तेही थोडे दिवस शीतून बाहेर टाकतं. ताज्या शीनं लागण होत नाही, त्याला एखादा दिवस तरी लागतो. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, दुसऱ्यानं करायचा. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. ट्रेवर उकळतं पाणी. कुंडीतल्या मातीलाही हातमोजे, आणि भाजी नीट धुऊन. मांजर घालवायची गरज नाही. त्याला घरातच ठेवा, कच्चं मांस देऊ नका."

"आणि मी नऊ दिवस..." सासूबाईंनी कागदातल्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"रक्त तपासू. आईला कित्येकदा कळतही नाही, जपायचं असतं ते पोटातल्याला. आज एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. काही निघालंच तर औषधं आहेत."

निघताना धाकटीनं दाराशी वळून विचारलं, "डॉक्टर, माझ्या बहिणीचं एक गेलं होतं. चौथ्या महिन्यात. ती यानंच साफ करायची, उघड्या हातानं. त्यामुळे गेलं असेल?"

मी श्वास रोखला, झाऱ्याला जेवढा रोखता येतो तेवढा.

"आता ते कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा कारणं असतात. पुष्कळदा एकही सापडत नाही."

पहिला अहवाल स्वच्छ आला, पण दुसऱ्यापर्यंत तीन आठवडे होते. मला पिशवीत बांधून गॅलरीच्या गजाला टांगलं होतं. सासूबाई घरातलं प्रत्येक भांडं उकळत्या पाण्यात घालत होत्या, धुतलेलं पुन्हा धूत होत्या. कच्चं काही शिजवल्याशिवाय सुनेपुढं ठेवत नव्हत्या आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. धाकटी पोटावर हात ठेवून गॅलरीत बसायची. वाऱ्यानं मी हललो की तिचे खांदे ताठ व्हायचे. मला न हलण्याची कला येत असती तर मी ती तेव्हाच वापरली असती.

दुसरा अहवाल आला त्या दिवशी तिनं तो गॅलरीतच उघडला. लागण नव्हती. सासूबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा नसतानाही पूर्ण वाचल्यासारखा केला आणि घट्ट धरून ठेवला.

धाकटी मात्र रडू लागली, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं.

"रोज फोनवर मी हा आवाज ऐकत होते, आई. हसत होते. एकदा तरी म्हणायचं होतं ना मी, ताई, तू नको करूस."

सासूबाई कठड्याला टेकल्या. खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझंही एक गेलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या आधीचं. मुलगी होती. माझ्या सासूनं वर्षभर विचारलं, काय खाल्लंस, काय उचललंस, कुठं गेली होतीस." मग तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आमच्या घरात मांजर नव्हतं गं."

धाकटीनं सासूबाईंचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बराच वेळ तो तिथंच होता.

आता मी भंगारवाल्याच्या पोत्यात आहे, एका मोडक्या पंख्याच्या पात्याखाली. मला द्यायचं सासूबाईंनी ठरवलं नाही, धाकटीनंच ठरवलं. जपून ठेवण्याजोगी वस्तू मी नव्हतोच. पुढं बाळ झालं का, कसं आहे, ते मला कळणार नाही. पण निघताना मी मोरीत एक नवी हिरवी फावडी पाहिली, आणि तिच्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं: मांजराची. स्वयंपाकघरात नेऊ नये.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं. आपल्यापुरती खूण करून थांबू नका. तिचा अर्थ घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा, कारण सामान आवरायला आपण नसतो.

पोतं हललं की मी अजून वाजतो. दर वेळी मला ताईचा प्रश्न ऐकू येतो, आणि मी म्हणतो, ठाऊक नाही गं. खरंच ठाऊक नाही.