मेंढी जिवंत होती

रशियातल्या उरल भागातल्या कारखान्यात युद्धाच्या त्या हिवाळ्यात नवा जड रणगाडा तयार झाला. चाचणीत पास झाला तर त्रोफिमच तो आघाडीवर चालवत नेणार होता. त्यामुळे ते चिलखत गोळा अडवतं की नाही, याची काळजी सगळ्यांत जास्त त्यालाच होती.

चाचणीच्या मैदानावर रणगाड्याच्या आत माणसांच्या जागी मेंढी बांधत. ती जिवंत निघाली तर मांस मैदानावरच्या कामगारांचं. मेली तर डॉक्टर चिरून बघायचा आणि मग पुरून टाकायचे. त्या दिवशी शत्रूकडून पकडलेल्या तोफेचा गोळा रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजावर आदळला. चिलखताला वाटीएवढा खड्डा पडला, पण आरपार भोक नाही. धूर विरायच्या आत मैदानावरचा खाटीक झाखार सुरी घेऊन आत उतरला आणि ओरडला, "जिवंत आहे! कापली मी!" त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. चाचणी घेणाऱ्या कर्नलने लिहून घेतलं, मेंढी जिवंत.

संध्याकाळी बराकीत मांस शिजलं. त्रोफिमने सवयीने अर्धं डब्याच्या झाकणात काढून ठेवलं. लुकेर्या, त्याची बायको, पानगळीच्या दिवसांत कारखान्यातल्या दाबयंत्राखाली सापडून गेली होती. हातांना ते अजून कळलं नव्हतं. तो झाकणाकडे बघत बसला. मग तेही खायला घेतलं, तर दाताखाली कचकन काहीतरी आलं आणि दाताचा टवका उडाला. रक्ताबरोबर तळहातावर पडली पोलादाची कपची, कडा पात्यासारख्या.

"झाखार, मेंढीने पाय झाडले होते का रे?"

"माझ्या धक्क्याने हलले की तिने झाडले, कोण बघत बसतंय? तू जेव ना मुकाट्याने!"

"मेली होती?"

झाखारने हाड चोखलं. "महिनाभर कोबीचं पाणी पितोय, त्रोफिम. मातीत घालायला देऊ होय?"

त्रोफिम कपची घेऊन तडक मुख्य अभियंत्याकडे गेला. इग्नाती पावलोविचने ती दिव्याखाली धरली.

"पोलाद फार कडक झालंय," त्रोफिम म्हणाला. "बाहेर भोक पडत नाही, पण आतून कपच्या सुटतात."

"आतला रंग उडालाय, तेवढंच. आणि ही कपची खाटकाच्या सुरीची कशावरून नाही?"

"मग दुसरी मेंढी बांधा."

"आणू कुठून? होती ती तुम्ही खाल्लीत!" अभियंता उठला. "माझा बाप पूल बांधायचा. पहिली मालगाडी जाताना स्वतः खाली उभा राहायचा. उद्या बुरुजात मी बसतो."

"नका बसू, इग्नाती पावलोविच. मरायला जाताय."

"तुझ्या दातासाठी कारखाना थांबवू?"

कर्नलने सकाळी विरोध केला, पण अभियंता ऐकेना. तो बुरुजात चढला, तसा त्रोफिम चालकाच्या जागेवर शिरला.

"तू कशाला?"

"परत कोण आणणार हा? आणि मला घरी रागावायला कोणी नाही."

अभियंता हसला. "बाहेर आलो की तुला नवा दात बसवून देतो."

गोळा बसला तेव्हा आवाज आला नाही, कानच गेले. त्रोफिमचं डोकं समोरच्या पोलादावर आपटलं. पाठीत तापलेला खिळा घुसावा तसं झालं. मानेवर काहीतरी गरम पडू लागलं. आधी त्याला तेल वाटलं. त्याने वर बघितलं. अभियंता आसनावरच होता, पण जबडा जागेवर नव्हता, आणि छातीतून रक्त उसळत होतं. त्याचे बूट त्रोफिमच्या खांद्यावर दोनदा आपटले आणि थांबले.

पाठीतून रक्त गळत असताना त्रोफिमने रणगाडा चालू केला आणि थेट कर्नलच्या टेबलासमोर नेऊन उभा केला. सरपटत बाहेर पडला, बर्फात गुडघ्यांवर बसला.

"बाहेरून बघा, साहेब. एकही भोक नाही. आता आतून बघा."

पहिला झाखारच वर चढला. झाकण उघडून वाकला आणि तसाच राहिला.

"काय रे," त्रोफिमने खालून विचारलं, "जिवंत आहेत का?"

झाखार खाली उतरला. त्याने टोपी काढली. मग तो कर्नलकडे वळला.

"नाहीत," तो म्हणाला. "मेंढीही नव्हती, साहेब. मी मेलेलीच कापली."