वर्तुळाबाहेरची रेघ

माणिकचंदांनी क्षमापनेचं अठ्ठाविसावं पोस्टकार्ड पुढे ओढलं आणि दर संवत्सरीला थांबे तिथेच पेन थांबलं. वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची माफी मागून झाली होती. रुक्साना इनामदारच्या पत्राला मात्र चार वर्षं उत्तर गेलं नव्हतं.

या वेळी त्यांनी पुस्तकांमागून ते पत्र काढलं. मुलगी जुन्नरची, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर संशोधन करणारी. सोबत चित्र होतं : फुटून गेलेल्या ताऱ्याचं उजळ कडं, आणि त्यातून आरपार बाहेर गेलेली एक बारीक, सरळ रेघ.

‘काका, अशी रेघ तिथे कुणी पाहिलेली नाही. पण टीव्हीच्या बूस्टरमुळेही ती उमटू शकते, आणि तुमच्या बूस्टरचा गोंगाट आमच्याकडे पोचतो. ५ आणि ६ सप्टेंबरला दुपारी तो चालू होता का? खात्री झाली नाही तर ही रेघ मी प्रबंधातून काढून टाकीन.’

बूस्टर कायम चालूच असे. आपल्या छपरावरच्या डबीने आकाशावर ओरखडा काढला, हे कसं लिहायचं?

“कुणाचं वो?” भिंतीला टेकलेल्या त्यांच्या पत्नीने, कंचनबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं.

“अवो, मुंगीची बी माफी मागता, अन् पोरीला दोन ओळी न्हाई? कवाचं हाय?”

“सप्टेंबर, दोन हजार दोन.”

“त्या साली माझी अठ्ठाई व्हती.” त्यांनी पोथीत खुणेला ठेवलेली पत्रिका काढली. पर्युषणातल्या आठ उपवासांचं पारणं, ११ सप्टेंबर. “पर्युषणात आपल्यात टीव्ही लागतो का? तुमीच बूस्टरची पिन उपटून कपाटात ठेवली व्हती.”

माणिकचंदांनी बोटांवर दिवस मागे मोजले. पुन्हा मोजले. मग चित्र घेऊन दारातल्या उजेडात गेले.

“केवढी असंल ती रेघ?”

“या टोकापासून त्या टोकाला जायला उजेडाला दीडशे वर्षं लागतात, असं लिहिलंय.”

“आपल्या दोघांची वयं मिळून बी पुरायची न्हाईत.”

“प्रबंध केव्हाच गेला असेल तिचा. आता लिहून काय...”

“रेघ तर असंल ना तिथंच?”

माणिकचंदांनी कार्डावर जुन्नरचा पत्ता घातला. ‘बूस्टर बंद होता. रेघ आमची नाही. उशिराबद्दल मिच्छामि दुक्कडम्.’

टपालपेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला. भर दुपार होती. वर निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. माणिकचंदांनी टोपी काढली आणि तसेच उभे राहिले.