लिदीच्या ढिगाची चुळबुळ

मी एक जुना ढीग आहे. कशाचा, ते ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. घोड्यांची लीद आणि त्यांच्या पायांखालचा ओला पेंढा, एवढंच माझं भांडवल. तबेल्यामागच्या कुंपणाला टेकून मी बसलो होतो. बसलो हे आपलं बोलण्यापुरतं. मला चैन म्हणून कधी पडलीच नाही.

लीद नवी असली की तिच्या पोटात आग असते. सकाळी माझ्या अंगातून वाफा निघत. कुंपणापलीकडे एका घराची बाग होती, बागेत एक लांब वाफा आणि त्यात एकटा उभा असलेला गुलाब. त्याच्याकडे जायची मला इतकी घाई झाली होती की जीव नुसता वर-खाली होई.

तो एकटा का, तेही सांगतो. आदल्या वर्षी तिथे गुलाबांची अख्खी रांग होती. त्या घरातल्या सासूबाईंनी ती स्वतःच्या हातांनी वाढवली होती. गुडघ्याच्या दुखण्याने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा नव्या सुनेला वाटलं, आपण त्यांना खूश करावं. माझ्याआधीच्या ढिगातली ताजी, गरम लीद तिने उचलली आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी घमेलं घमेलं ओतली. जितकी जास्त तितकी चांगली, असं तिला वाटलं. आठवड्याभरात पानं करपली, मुळं भाजली; टोकाचा हा एकच कसाबसा तगला. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि आत निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या बागेत आल्याच नाहीत, आणि सुनेशी कामापुरतंच बोलत राहिल्या.

म्हणून यंदा सून हात धुऊन माझ्या मागे लागली. लांब दांड्याच्या काट्याने मला खालीवर करी, कोरडा पडलो की पाणी शिंपडी, पाऊस आला की ताडपत्री घाली. अधूनमधून एक लोखंडी गज माझ्या पोटात खुपसून ठेवी आणि मग बाहेर काढून चाचपून बघे.

"बाई गं! अजून चटका बसतोय," म्हणत ती हात झटकत निघून जाई.

मला असा संताप येई! अगं, ने ना मला एकदाची! किती घुसळशील?

त्यातच एक दिवस घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार आला. माणूस मनाने चांगला, पण त्याला सगळं आवरलेलं लागे.

"ताई, नवा पेंढा येतोय. हे उचला, नाहीतर उद्या खड्ड्यात फेकतो."

"दादा, थोडे दिवस थांबा ना. मागच्या वेळी मी थांबले नाही, तर काय झालं तुम्ही बघितलंत. आता हा एक गुलाबही गेला, तर मी कोणत्या तोंडाने घरात वावरू?"

मोतद्दाराने डोकं खाजवलं आणि पेंढा दुसरीकडे रचायला घेतला. मी मात्र हादरलो. ज्याच्याकडे जायला मी तडफडत होतो, त्यालाच मी जाळून टाकलं असतं! मग मला वेगळीच काळजी लागली. आपण गार होणार तरी कधी?

हळूहळू मी बसका झालो, काळा झालो, भुसभुशीत झालो. गांडुळं राहायला आली. माझा वास ओल्या मातीसारखा येऊ लागला. एके सकाळी सुनेने गज काढला, हाताला लावला, गालाला लावला, पुन्हा हाताला लावला. तिला खात्रीच वाटेना. शेवटी ती दाराशी गेली.

"आई, जरा हात लावून बघता?"

मग काठीचा आवाज आला. सासूबाईंनी गज मुठीत धरला. मग मूठभर मला उचललं, चुरलं, नाकाशी नेलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "आण घमेलं. आणि बुंध्याला चिकटवू नकोस हं, वीतभर लांब पसर."

आता मी ढीग उरलो नाही. गुलाबाभोवतीच्या मातीत मिसळलोय, आणि मुळं मला दिवसभर ओढत असतात. इथेही स्वस्थता नाहीच! पण बुंध्यातून एक लालसर कोंब फुटलाय.

मित्रांनो, तबेल्यामागे नवा ढीग वाफाळतोय. त्याची चुळबुळ मला इथवर कळते. त्याला झाका, हलवा, ओलावा द्या, पण गार झाल्याशिवाय कुठल्याही झाडाजवळ आणू नका. तो गज आता दाराशी, सासूबाईंच्या काठीशेजारी उभा असतो. काल सुनेने तो उचलला, तर आतून हाक आली, "थांब गं, मीही येते."