दुसऱ्या बाजूचा झोत

१९८४च्या मे महिन्यात विशाखा बंगळूरहून निपाणीला घरी आली, तेव्हा तिने एक गुंडाळलेला नकाशा आणला होता. एका दूरच्या दीर्घिकेचा. तिच्या पीएच.डी.चा विषय तोच होता.

तिच्या वडिलांनी, सिद्राम आप्पांनी, तो जमिनीवर पसरला. एका धरणाच्या सर्वेत ते वर्षानुवर्षं पट्टी धरून उभे राहिले होते. साहेबांचे कागद बघून बघूनच नकाशा वाचायला शिकले होते.

"ह्यो डोंगर कुठला गं?"

"डोंगर न्हाय, आप्पा. ह्या रेघा रेडिओलहरींच्या जोराच्या. आत आत जाल तसा जोर वाढतो. ह्या मधल्या ठिकाणी कृष्णविवर असावं, कोट्यवधी सूर्यांएवढं जड. त्याच्याजवळनं ह्यो कणांचा झोत सुटलाय."

"एवढ्या लांबचं एवढं बारीक दिसलं कसं?"

"एका दुर्बिणीचं काम न्हाय. पाच देशांतल्या दुर्बिणींनी एकाच वेळी ह्या लहरींच्या टेपा भरल्या. त्या जुळवल्या की पृथ्वीएवढी एकच दुर्बीण असल्यागत चित्र मिळतं."

आप्पांचं बोट झोतावरून गेलं, परत मध्यावर आलं आणि पलीकडच्या कोऱ्या कागदावर थांबलं.

"आन् ह्या अंगाला?"

"तिकडं झोत न्हाय."

"न्हाय, का दिसत न्हाय?"

आपल्याकडे येणारा झोत उजळ दिसतो, दूर जाणारा मंदावतो, हे विशाखाला पाठ होतं. तरी प्रबंधात तिने सरळ 'नाही' असंच लिहिलं होतं.

"आमच्या उंचीच्या रेघा पाच-पाच फुटांवर असायच्या," आप्पा म्हणाले. "चार फुटांची घळ कागदावर यायचीच न्हाय. पाय मात्र तिच्यातच पडायचा. तू सगळ्यात खालची रेघ कुठनं धरलीस?"

बंगळूरला गेल्यावर तिने सगळ्यात खालची, म्हणजे सगळ्यात कमी जोराची, रेघ आणखी खाली आणून नकाशा पुन्हा काढला. कागदभर ठिपके उमटले, रेडिओच्या खरखरीसारखे, चारही दिशांना सारखेच. त्यांत झोत काही सापडला नाही. तिने जुनं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'दुसरा झोत असलाच, तर तो यापेक्षा मंद असावा.' पुढे आकडा घातला. मार्गदर्शकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

तिने हे सगळं घरी कळवलं. दहा दिवसांनी आप्पांचं आंतर्देशीय पत्र आलं. खुशाली एका ओळीत आटोपली होती. खाली लिहिलं होतं, "ठिपके कशाचे, ते लिहिलं नाहीस. सवडीनं कळव."