डाव्या बाजूचा पंप

डच नौदलाची फ्रिगेट ‘फान डर वेल’ सोमवारी मेलबर्नच्या धक्क्याला लागली. गुरुवारी दुपारी दोनला तिला फिजीकडे निघायचं होतं. मंगळवारी सकाळी वीणा देवस्थळी तिच्या इंजिनरूममध्ये उतरली, तेव्हा काम एका ओळीचं होतं: डाव्या बाजूच्या समुद्रपाण्याच्या पंपाचं बेअरिंग बदला.

वीणा मूळची पुण्याची. मेलबर्नच्याच डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं ती यंत्रांची थरथर मोजायचं काम करत होती. बिस्किटांचे कारखाने, पेपर मिल, लिफ्ट, मिळेल ते. युद्धनौका मात्र पहिलीच. तरी पंप तो पंपच, असं म्हणत तिने सेन्सर चिकटवले आणि पंप सुरू करायला सांगितलं.

स्क्रीनवरचा थरथरीचा आकडा नऊच्या पुढे गेला. तीनच्या वर जायला नको होता.

“बेअरिंग गेलंय,” नौकेचा इंजिनिअर ऑफिसर योस्ट म्हणाला. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. “नवं आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त बसवून द्या.”

“बेअरिंग गेलंय हे खरं,” वीणा म्हणाली. “पण ते का गेलं? मला या पंपाची सर्व्हिस हिस्टरी बघायला मिळेल?”

योस्टने घड्याळाकडे पाहिलं, पण लॅपटॉप आणून दिला. कागद डचमध्ये होते; वाचून दाखवायला त्याने चीफ हेर्बनला बोलावलं. हेर्बन पन्नाशी ओलांडलेला होता. नौका नौदलात आली त्या दिवसापासून, म्हणजे अठरा वर्षं, मधली दोन सोडली तर तो तिच्यावरच होता.

तो तारखा वाचत गेला आणि वीणा वहीत लिहीत गेली. पहिल्या अकरा वर्षांत बेअरिंग एकदाच बदललं होतं, तेही ठरल्या वेळेला. त्या काळात नौका सोमालियाच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांच्या मागावर होती, नॉर्वेच्या थंडीत सराव करून आली होती. पंपाची कधी कुरकुर नव्हती. मग पुढच्या सात वर्षांत चार बेअरिंगं. प्रत्येक वेळी बंदर वेगळं, माणसं वेगळी आणि निघायची घाई तेवढी सारखी.

“अकराव्या वर्षी काय झालं?” वीणाने विचारलं.

“पंपाला काही नाही,” हेर्बन म्हणाला.

“पंपाला नाही. नौकेला.”

हेर्बनने चष्मा काढला. “त्या वर्षी कॅरिबियनमध्ये मोठं वादळ झालं. आम्ही एका बेटावर पाणी आणि तंबू घेऊन गेलो. धक्का अर्धा तुटलेला होता. लाटा एवढ्या, की नौका दोन दिवस काँक्रीटवर आपटत होती. पण लोकांना पाणी प्यायला नव्हतं, म्हणून कॅप्टनने हलवली नाही. डाव्या बाजूला पोचा आला. नंतर डॉकमध्ये पत्रा सरळ केला.”

“कुठल्या जागी?”

हेर्बन उठला, पंपाच्या मागे गेला आणि त्याने भिंतीवर हात ठेवला. पंपाचा पाया त्याच भिंतीच्या बरगडीला वेल्ड केलेला होता. “बाहेरून सरळ केला,” तो हळूच म्हणाला. “आतून कुणी मोजलं नाही.”

वीणाने वर जाऊन भास्करला फोन लावला. भास्कर तिचा बॉस, हैदराबादचा. दोघांचं बोलणं हिंदी-इंग्लिशमध्येच चालायचं.

“वीणा, देख, उनको बेअरिंग चाहिए, बेअरिंग डाल के आ जा,” तो म्हणाला. “शिप अटक गई तो नाम अपना खराब होगा.”

“नुसतं बेअरिंग बदलून दिलं तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,” वीणा बोलून गेली आणि मग तिला त्याचा अर्थ हिंदीत सांगावा लागला. “पाया वाकलेला असणार. उद्या ग्राइंडर मला मोकळा ठेव. गुरुवारी सकाळी पंप चालू असेल.”

“शुअर है?”

“हाँ.”

“नो वरीज. ग्राइंडर तेरा.”

बुधवारी सकाळी जुनं बेअरिंग काढून नवं बसवलं. मग वीणाने पंप फिरवणाऱ्या मोटारीच्या पायांचे चारही बोल्ट एकेक करून ढिले केले आणि प्रत्येक वेळी पाय किती हलतो ते डायल गेज लावून पाहिलं. तीन पाय जागचे हलले नाहीत. चौथा बोल्ट सुटताच पाय वर उचलला गेला आणि काटा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे सरकला. खाटेचा एक पाय अधांतरी असावा आणि तिला दामटून जमिनीला बांधावं, तसं सात वर्षं चाललं होतं. बोल्ट आवळला की मोटार पिळवटायची, आणि तो पीळ बेअरिंग सोसायचं.

योस्ट वाकून काटा बघत होता. “पाया पूर्ण बदलायचा तर डॉक लागेल.”

“पाया राहू दे. फट तिरकी आहे, तिच्या मापाची तिरकी पट्टी बनवते. मात्र मला उद्या दहापर्यंत वेळ हवा. आणि घाईत बोल्ट कुणी आवळायचे नाहीत.”

“चाललं नाही तर?”

“चालेल,” वीणा म्हणाली. तिने फट चारही कोपऱ्यांत दोनदा मोजली होती.

त्या दुपारी डँडेनॉन्गला तिने स्टीलची पट्टी स्वतः घासून मापाला आणली. एका कोपऱ्यात केसभर जास्त जाड राहिली, ती पुन्हा घेतली. गुरुवारी सकाळी पट्टी पायाखाली सरकवली तेव्हा हेर्बनने ती बोटाने हलवून पाहिली. हलली नाही. त्याने स्वतः बोल्ट आवळले, वीणा सांगेल त्या क्रमाने.

पंप सुरू झाला. आकडा चढला, एक पूर्णांक सहा दशांशावर आला आणि तिथेच थांबला. अर्धा तास पंप तसाच चालवून पाहिला. बेअरिंग हाताला कोमट लागत होतं, एवढंच.

“एवढा शांत हा पंप मी विसरलो होतो,” हेर्बन म्हणाला.

योस्टने लॅपटॉप उघडला आणि वादळाच्या वर्षाच्या नोंदीखाली पायाबद्दल लिहायला घेतलं, म्हणजे पुढच्या डॉकमध्ये तो नक्की बदलला जाईल. मग त्याने वीणाशी हात मिळवला. “मी मंगळवारी तुम्हाला घाई करत होतो.”

“तुम्ही लॅपटॉप दिलात ना,” वीणा म्हणाली.

दोन वाजता नौका वेळेवर सुटली. वीणाने ती पाहिली नाही. तोवर ती बिस्किटांच्या कारखान्यात एका गिअरबॉक्सपाशी पोचली होती. तीन आठवड्यांनी फिजीच्या सुव्हा बंदरातून मेल आला. हेर्बनने तीन आठवड्यांचे आकडे पाठवले होते, खवळलेल्या समुद्रातलेसुद्धा. सगळ्यात वरचा होता एक पूर्णांक नऊ दशांश.

वीणाने मेल भास्करला पुढे पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: पुढच्या महिन्यात जिलाँगला एक जहाज येतंय, त्यांना फक्त बेअरिंग बदलून हवंय.

“त्यांना म्हणावं, सर्व्हिस हिस्टरी आधी पाठवा,” तिने लिहिलं.