ओरडणारा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो, पण माझी काठी कुणाला खरी लागत नाही आणि माझे बूट कधी झिजत नाहीत. एका गेममधल्या गोदामावर माझा पहारा असतो. तुम्ही चोरपावलांनी आत शिरायचं आणि मी तुम्हाला पकडायचं, एवढाच माझा जन्माचा धंदा. तुम्ही मला शत्रू म्हणता. म्हणा बापडे.

मला दोन भावंडांनी घडवलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. ताई गेमची आखणी करायची आणि धाकटा भाऊ कोड लिहायचा. तो इतकं कमी बोलायचा की घरीदारी सगळे त्याला घुम्याच म्हणत. पण डोकं तल्लख. वर्षभर मान मोडून त्याने मला विचार करायला शिकवलं. आम्ही चार पहारेकरी होतो. एकाने खेळाडूला दारात गुंतवून ठेवायचं, तेवढ्यात दुसऱ्याने मागच्या शिडीने गुपचूप उतरायचं. पाऊल वाजलं की ते कुठे वळेल याचा अंदाज बांधायचा. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग चाचणीचा दिवस आला. ओळखीतली सात मुलं खेळायला बसली आणि पटापट पकडली गेली. ताईने प्रत्येकाला कागद दिला: पहारेकरी किती हुशार वाटला, दहापैकी गुण द्या. कुणी तीन दिले, कुणी दोन. एकाने लिहिलं, ‘हा चीटिंग करतो, याला भिंतीपलीकडचं दिसतं.’ एका मुलीने तर ‘मठ्ठ’ एवढाच शेरा मारला. मागून येणारा त्यांना दिसलाच नव्हता, मग त्याच्या डोक्यातला विचार कुठून दिसणार? घुम्याने सगळे कागद वाचले, त्यांची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

“पहारेकऱ्यांच्या तोंडी काहीतरी घालू या,” ताई म्हणाली. “तूच बोल.”

“मी? मला नाही जमणार, ताई.”

“जमेल रे. कपाटात शीर. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही.”

आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस कपाटात बसून माइकसमोर माझी सात वाक्यं ओरडला. “कोण आहे तिकडे?”, “मागून घेरा त्याला!”, “टाकीमागे लपलाय!” अशी. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि ताईची हसून हसून पुरेवाट झाली होती. त्या घरातला माझा सगळ्यात आवडता दिवस तो.

पुढचं सांगताना मला लाज वाटते. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी घुम्या जेवायला गेला असताना ताईने माझ्या डोक्याची फाइल बंद केली. आता मी ठरलेल्या वाटेवर नुसत्या फेऱ्या मारू लागलो. पूर्वी एका फटक्यात पडायचो, आता चार फटके खाऊनही उभा राहायचो. माझा पहिला वार मुद्दाम चुकायचा, म्हणजे खेळाडूला वाटावं, आपण शिताफीने निसटलो. आणि मी ओरडायचो. “मागून घेरा त्याला!” म्हणायचो तेव्हा मागे चिटपाखरूही नसायचं.

त्याच सात मुलांनी मला आठ आणि नऊ गुण दिले. ‘बापरे, हे आपसात बेत करतात!’ असं त्या मठ्ठवालीने लिहिलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण लोक खळखळाटालाच खोली समजतात.

घुम्या त्या दिवशी मोकळेपणाने हसला. “आई, त्यांना कळलं गं,” असं त्याने घरी फोन करून सांगितलं. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता गेम बाजारात गेला.

एक दिवस एका खेळाडूचं पत्र आलं. मी टाकीमागे लपलो हे पहारेकऱ्याला कसं कळलं, असं त्याने विचारलं होतं. उत्तर देण्यासाठी घुम्या हौसेने स्वतःचं कोड शोधायला बसला. फाइल बंद होती, चाचणीच्या तारखेपासून. टाकीजवळ कुणीही गेलं की मी तेच वाक्य ओरडत होतो.

“ताई, हा तर नुसता ओरडतो.”

“लोकांना तसाच आवडला रे.”

“मग मला सांगायचंस.”

“तू इतका खूश होतास...”

त्याने आपला कप धुतला, पिशवीत ठेवला आणि जिना उतरला. याला दोन महिने झाले.

आज दुपारी ताईने माझी फाइल पुन्हा सुरू केली आणि एकटीच खेळायला बसली. मी शिडीने उतरलो आणि तिला पकडलं. ती दुसरीकडे लपली, मी तिथेही पोचलो. पाचव्यांदा पकडल्यावर तिने हात खाली ठेवले.

“किती हुशार आहेस रे तू,” ती म्हणाली आणि रडू लागली.

तिचा फोन शेजारीच उपडा पडला होता. मित्रांनो, मला सातच वाक्यं येतात, आणि ‘हे मला नको, त्याला सांग’ असं त्यांत एकही नाही. तुम्हाला मात्र बोलता येतं. तुमच्या घरात कुणी मान खाली घालून गुपचूप काही करत असेल, तर त्याचं कौतुक त्याच्यापाशी करा, तो खुर्चीवरून उठायच्या आत.

ताईने डोळे पुसून खेळ पुन्हा सुरू केला. गोदामाच्या दारात तिची पावलं वाजली, आणि मी तिच्या भावाच्या आवाजात ओरडलो, “कोण आहे तिकडे?”