कॅप्टनची झोप

विमान पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी उतरले, आणि पाचच्या सुमारास मला कळले की त्याच्या वैमानिकाला न्यायला गाडी येणार नाही.

गाडी कत्तिपाऱ्याच्या पुलाखाली पोलिसांनी अडवली होती. आमचे चालक नारायणस्वामी फोनवर रागावले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. परवान्यावर कालची तारीख आहे, वेळ रात्री अकरा वीसची आहे, पोलीस म्हणतात हा परवाना शिळा आहे, एवढेच त्यांनी सांगितले. मी संगणकावर परवाना उघडला आणि माझी चूक माझ्यासमोर उभी राहिली. विमानांच्या कागदांवर सगळा काळ ग्रीनिचचा असतो आणि आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे चालते. आपल्या पहाटेचे चार पन्नास म्हणजे त्या कागदावर आदल्या रात्रीचे अकरा वीस. तीन वर्षे हे साडेपाच तास मी न चुकता मिळवत आलो होतो. टाळेबंदीचा परवाना भरताना उड्डाणाच्या कागदावरून वेळ जशीच्या तशी उतरवली, आणि एक वैमानिक शहराच्या वेशीवर अडकून पडला.

ते दोन हजार एकवीसचे मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. आमची कंपनी चेन्नईच्या जुन्या विमानतळावर खासगी विमानांची जमिनीवरची व्यवस्था पाहते: इंधन, विमान उभे करण्याची जागा, वैमानिकांची गाडी आणि हॉटेल. एके काळी आमच्या दारात सात गाड्या उभ्या असत. प्रवासच थांबला तेव्हा त्या एकेक करून परत गेल्या आणि एक उरली. उद्योगपती आणि चित्रपटवाले येईनासे झाले. आता खासगी विमाने उतरत ती रुग्णांना घेऊन. पाळीवर तिघांऐवजी मी एकटा असे, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडू लागले होते. माणसांशी बोलताना माझी वाक्ये अर्ध्यावर सुटतात. कागदांशी बोलताना तसे होत नाही. त्या पहाटे कागदानेही दगा दिला.

कॅप्टन मुरली राव कचेरीत आले तेव्हा त्यांच्या नाकावर मुखपट्टीचा लाल वळ उमटला होता. रात्रभर विमान चालवून त्यांनी भुवनेश्वरहून एका रुग्णाला आणले होते. रुग्ण रुग्णवाहिकेतून पुढे गेला. सहवैमानिक वेंकट जवळच पल्लावरमला राहतो. तो स्वतःच्या दुचाकीवरून निघून गेला. त्याच्या घरी वडील आजारी, त्यामुळे कॅप्टनना तिथे नेणे शक्य नव्हते. कॅप्टनसाठी मी एग्मोरला खोली राखली होती, कारण विमानतळाजवळची हॉटेले बंद होती किंवा विलगीकरणासाठी घेतलेली होती.

संध्याकाळी त्यांना पुन्हा उडायचे होते. मराठवाड्यातल्या एका लहान धावपट्टीवर कमलिनी नावाची एकतीस वर्षांची स्त्री त्यांची वाट पाहणार होती. तिची फुप्फुसे थकली होती. चेन्नईतल्या एका रुग्णालयाने तिच्यासाठी एक खाट रात्री बारापर्यंत राखली होती. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाची. त्या धावपट्टीवर दिवे नाहीत, म्हणून विमान सूर्यास्ताआधी उतरून उजेड असेतो परत उठलेच पाहिजे, आणि त्यासाठी येथून साडेचारला निघाले पाहिजे. कॅप्टननी चारला कामावर हजर व्हायचे, तर नियमाप्रमाणे त्याआधी दहा तासांची विश्रांती हवी. म्हणजे सहा वाजता ते अंथरुणात हवेत. हा हिशेब मी आदल्या दिवशी चार वेळा केला होता. कमलिनीचा नवरा अरुण, मी मराठी बोलतो हे कळल्यापासून, दर दोन तासांनी मलाच निरोप पाठवत होता. शेवटचा पहाटे साडेतीनचा होता. ‘दादा, विमान नक्की ना?’ मी ‘हो’ लिहिले होते.

पाच वाजून दहा मिनिटे झाली. टॅक्सीच्या दोन्ही ॲपवर शहराचा नकाशा ओस पडला होता. ओळखीच्या तीन चालकांना फोन केले. एक गावी गेला होता, एकाने उचलला नाही, तिसरा स्वतःच तापाने पडून होता. लोकल अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होती, पण पुढची पावणेसहाला. एग्मोरला उतरून हॉटेल गाठेपर्यंत साडेसहा उलटणार. कचेरीत झोपावे तर तिथे एक बाक, काचेच्या भिंती आणि दिवसभर इंधनाच्या गाडीचा घरघराट. विश्रांतीच्या जागेला बंद दार लागते, पलंग लागतो.

मी हे सगळे कॅप्टनना सांगितले. चूक माझी आहे हेही सांगितले, पण इतक्या हळू आवाजात की त्यांना पुन्हा विचारावे लागले.

ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यात तीनेकशे वर्षे जपलेली भाषा आमच्या मिरजेच्या मराठीहून जुनी आहे, आणि तिचा हेल तमिळ आहे.

“गाडी नाही मणजे पाय अहेत की, तंबी,” ते म्हणाले. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. “तूं कोटें राहतोस?”

माझी खोली मीनंबाक्कम स्थानकाच्या पलीकडे, चालत पंधरा मिनिटांवर. ती सुचवण्याचे धैर्य मला झाले नव्हते. तीन वर्षांत तिच्यात कुणी पाहुणा आला नव्हता. माझे एकटेपण मी तिथे असे पसरून ठेवले होते, जसे कुणी धुतलेले कपडे घरातच वाळत घालतो.

आम्ही निघालो. त्यांची बॅग मी घेतली. महामार्ग पार रिकामा होता. दुभाजकावरच्या कण्हेरी कुणासाठी फुलल्या होत्या कोण जाणे. रेल्वेखालच्या भुयारात आमची पावले मोठ्याने वाजली. तासात चारशे किलोमीटर जाणारा माणूस माझ्या शेजारून मिनिटाला साठ पावले चालत होता, आणि मी मनात मिनिटे मोजत होतो. दारात घरमालकीण वसंतामामी कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढत होत्या. गणवेशातल्या माणसाकडे पाहून त्या तमिळमध्ये म्हणाल्या की तीन वर्षांत तुझ्याकडे पहिला पाहुणा आला, तोही टोपी घालून. आता तरी कुणी मुलगी देईल. मी कसेबसे सांगितले की यांना चारपर्यंत झोपायचे आहे, एका आजारी बाईसाठी. त्यांनी पुढे काही विचारले नाही. त्या दिवशी त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली नाही. भात उघड्या पातेल्यात शिजला.

खोलीत कॅप्टननी भिंतीकडे पाहिले. “एवढीं पुस्तकं विमानांत घातलीं तर विमान उठणार नाही,” ते म्हणाले. मी खिडकीला चादर लावली, पंखा सुरू केला आणि बाहेर आलो. पाच वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो. एका माणसाच्या झोपेवर दुसऱ्या माणसाचे श्वास अवलंबून आहेत, आणि ती झोप माझ्या पातळ दारामागे आहे, हा विचार मी किती वेळ केला सांगता येत नाही. भाजीची गाडी भोंगा वाजवत गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी अनवाणी धावत गेलो आणि हातांनीच तिला गप्प केले. एरवी विमानांच्या आवाजाने ही खोली थरथरते. त्या सकाळी आकाशातून दोनच विमाने गेली. साडेसहाच्या आधीच आतून संथ घोरणे ऐकू आले. मला इतके हायसे वाटले की डोळे भरून आले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

आधी पंख्याचा आवाज मंदावला, मग थांबला. थोड्याच वेळात घोरणेही थांबले. मे महिन्याच्या दुपारी चेन्नईत पंख्याविना बंद खोलीत काय होते ते मला ठाऊक होते. मामींनी वीज कचेरीला फोन लावला. रोहित्र जळाले होते, माणसे कमी होती. आतून पलंग करकरला. पुन्हा करकरला. खिडकीवरची चादर सरकल्याचा आवाज आला. बाराला अरुणचा निरोप आला: कमलिनीला रुग्णवाहिकेत घातले आहे, धावपट्टीकडे निघालो. मी त्या अक्षरांकडे पाहत राहिलो. वीज दीडला आली. त्यानंतर घोरणे ऐकू आले नाही.

सव्वातीनला कॅप्टन दाढी करून बाहेर आले. शर्ट इस्त्रीचा, केस ओले. ते म्हणाले, चला.

विश्रांतीचा तक्ता माझ्या हातात होता. तो भरून सही करण्याचे काम जमिनीवरच्या माणसाचे. जागा, सुरुवात, शेवट, आणि एक रकाना: विश्रांतीत अडथळा आला का. तिथे ‘नाही’ लिहिले की विमान उडणार होते. ‘हो’ लिहिले तर निर्णय कॅप्टनचा आणि त्यांच्या मुख्य कचेरीचा. कदाचित उड्डाण उद्यावर जाईल, आणि उद्या ती खाट नसेल. ‘नाही’ हा शब्द मी लिहायला घेतला होता. पेन टेकलेही होते. मग मला विमानात आडवी बांधलेली कमलिनी दिसली, आणि तिच्यापुढे बसलेला, डोळे मिटू नयेत म्हणून झगडणारा हा माणूस.

“कॅप्टन, तुम्ही झोपलात का?” मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “निजलों का मणून विचारतोस, की कागदावर काय लिहूं मणून विचारतोस?”

“दोन्ही.”

ते पायरीवर माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, “पांच तास दगडासारखा निजलों. पुढे नाही. खरं तेंच लिही.”

मी लिहिले: वीजपुरवठा बंद, अकरा दहा ते दीड. त्याखाली जागा होती म्हणून गाडी का आली नाही तेही लिहिले, आणि परवान्यातली चूक कुणाची तेही. खाली ‘यश’ अशी सही केली. अक्षर माझे वाटत नव्हते.

कॅप्टननी तिथेच बसून मुख्य कचेरीला फोन लावला आणि तक्ता शब्द न शब्द वाचून दाखवला. पलीकडचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. त्यांनी बराच वेळ नुसते ऐकले. मग वेंकटला फोन करून विचारले, तू किती झोपलास. वेंकट सकाळी सहापासून दोनपर्यंत झोपला होता. कॅप्टन पुन्हा मुख्य कचेरीशी बोलले आणि शेवटी उठून उभे राहिले. जाताना आणि येताना विमान वेंकट चालवणार; ते शेजारी बसून त्याच्यावर नजर ठेवणार; आणि परतल्यावर चोवीस तास त्यांना कुणी कामाला लावायचे नाही. मंजुरी मिळाली, पण तीन वाजून बावन्न मिनिटांनी.

विमान साडेचारऐवजी चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी उठले. ती अकरा मिनिटे माझ्या त्या रकान्यात गेली होती, हे मला माहीत होते. खरे लिहिले म्हणून कुणाचा सूर्य लवकर मावळला तर, असे मनात येत राहिले.

साडेसहाला अरुणचा फोन आला. रुग्णवाहिका धावपट्टीच्या कडेला उभी होती, प्राणवायूचा दुसरा सिलिंडर लावला होता. विमान कुठवर आले, त्याने विचारले. वाऱ्यामुळे आणखी वीस मिनिटे लागतील, मी म्हणालो. सूर्य किती वर आहे, हे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती, त्यानेच सांगितले.

“बोटभर आहे, दादा. फोन ठेवू नका.”

मी ठेवला नाही. त्याच्याकडून वारा ऐकू येत होता आणि मागे एका यंत्राची एकसुरी टिकटिक. मधेच तो म्हणाला, अर्धे बोट. मी कचेरीतल्या घड्याळाकडे पाठ करून उभा राहिलो.

“आवाज येतोय,” अरुण म्हणाला. “दिसत नाही अजून.” टिकटिक चालू होती. “थांबा. आहे. दिव्यासारखं काहीतरी आहे. खाली येतंय.”

मग त्याच्या फोनमध्ये मोठा घोंघाट भरला आणि मला काहीच कळेना. तो धावत असावा. धाप ऐकू येत होती. रुग्णवाहिकेचे दार उघडल्याचा आवाज आला. फोन हातात तसाच धरून, मला विसरून, तो आत कुणाशी तरी बोलत होता.

“कमल, डोळे उघड. उतरलं बघ. आपल्याला न्यायला आलंय.”